मेंदूची वेस व फवारणीचें विष

आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. सन २०१७ च्या हंगामांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन या जिल्ह्यांत सुमारें वीस माणसें दगावलीं व शेंकडों आजारी पडलीं. त्यांनीं विष प्राशन केलें नव्हतें. तें कातडींतून व श्वासावाटे आंत शिरलें. असें विष मेंदूपर्यंत कसें पोंचतें, हें सर्वांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

गांवास वेस असते, तशी मेंदूसही आहे. सन १८८५ मध्यें एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञानें प्राण्यांच्या रक्तांत रंग सोडले. तेव्हां इतर अवयव रंगले, परंतु मेंदू कोरा राहिला. कारण मेंदूंतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींस घट्ट सांधलेल्या असून त्यांच्यामध्यें फट नसते. जें आंत जावयाचें, तें पेशींच्या पातळ पडद्यांतूनच गेलें पाहिजे. आणि हा पडदा तेलाच्या जातीचा आहे.

म्हणून प्राणवायूसारखे लहान रेणू व तेलांत विरघळणारे लहान रेणू आपण होऊन पार जातात. साखर पाण्यांत विरघळणारी. तिला पडदा अडवितो. परंतु तिच्यावांचून मेंदूचें चालत नाहीं. यास्तव पडद्यांतील प्रथिनांचे वाहक तिचे रेणू आंत उतरवून घेतात. दुसरे कांहीं वाहक शक्ति खर्चून नकोशीं द्रव्यें परत बाहेर लोटतात.

मात्र पडदा शत्रु व मित्र ओळखीत नाहीं. तो रेणूचा आकार, विद्युद्भार व स्निग्धता एवढेंच जाणतो. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचीं पुष्कळ कीटकनाशकें कातडी ओलांडतात, तशीच ही वेसही ओलांडतात. मग मज्जातंतूंचा संदेश पोंचल्यावर तो पुसून टाकणारें द्रव्य निकामी होतें. घाम, लाळ, आंचके व श्वासाचा अवरोध हीं लक्षणें उद्भवतात. औषधांसही हाच नियम लागू आहे. अ‍ॅट्रोपीन मेंदूंत पोंचतें. प्रॅलिडॉक्झीम विद्युद्भारित असल्यामुळें तेथें फारसें पोंचत नाहीं.

तात्पर्य, पहारा मेंदूच्या नव्हे, शरीराच्या वेशीवर बसविला पाहिजे. फवारतांना हातमोजे व अंगभर कपडे घालावे, तोंड झांकावें, वारा पाठीशीं ठेवावा. उंच कपाशींत फवारा अंगावर येऊं देऊं नये. काम संपतांच साबणानें अंग धुवावें व ते कपडे निराळे धुवावे. चक्कर किंवा मळमळ होतांच औषधाचा डबा दाखविण्यास घेऊन रुग्णालय गांठावें. आणि विद्यार्थ्यांनों, डब्यावरील सूचना वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा. तुमच्या विद्येचा याहून चांगला उपयोग आम्हांस दिसत नाहीं.