धावण्याचा दम : रक्तातला किती, सरावातला किती?

पोलीस भरतीची चाहूल लागली की भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या रस्त्यांवर पहाटेच मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. एकाच मैदानावर सारखाच सराव करूनही एकाची वेळ झपाट्याने सुधारते, दुसरा मात्र तिथेच अडकून राहतो. मग ‘मेहनत कमी पडली’ असा शेरा बसतो. तो दर वेळी खरा नसतो.

लांब धावताना कस लागतो तो हृदयाचा. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते, त्यातून किती ऑक्सिजन स्नायूंना मिळतो आणि स्नायू तो किती वापरतात, यावर दम ठरतो. अमेरिका-कॅनडातील ‘हेरिटेज’ अभ्यासात ९८ कुटुंबांतील ४८१ जणांकडून २० आठवडे सारखाच व्यायाम करून घेतला गेला. काहींची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता खूप वाढली, तर काहींची जवळपास वाढलीच नाही. या फरकाचा निम्म्याच्या आसपास भाग आनुवंशिक असावा, असा अंदाज १९९९ साली मांडला गेला. म्हणजे उरलेल्या फरकामागे आनुवंशिकतेखेरीज इतर कारणे आहेतच.

काही जनुकीय बदल हृदयाच्या स्नायूलाच कमकुवत करू शकतात. ‘एमवायबीपीसी३’ या जनुकातील असा एक बदल दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत असल्याचे २००९ साली दिसून आले. तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. त्रास झाला तर तो बहुधा उतारवयात दिसतो.

पूर्व विदर्भाला मात्र जास्त ओळखीचा आहे तो सिकलसेल. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक असते. रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त कमी पडते आणि हृदयाला जादा काम करावे लागते. अशा मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरात धावू नये. अतिश्रमाने असह्य वेदना सुरू होऊ शकतात.

वाहकांची गोष्ट वेगळी. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मधील अभ्यासात वाहकांना मृत्यूचा धोका जास्त आढळला नाही. अतिश्रमाने स्नायू झिजून मोडण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी अधिक होता. म्हणून वाहकाला मैदानाबाहेर बसवण्याचे कारण नाही. त्याने सराव हळूहळू वाढवावा, भरपूर पाणी पिऊन धावावे, भर उन्हात धावू नये आणि तापात विश्रांती घ्यावी.

धावताना छातीत दुखले, चक्कर आली, पाय एकदम गळाले किंवा नंतर लघवी चहासारखी गडद झाली, तर ‘दम काढ’ म्हणत पुढे ढकलू नये. लगेच थांबून दवाखाना गाठावा. घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले असेल, तर आधी ईसीजी आणि गरज पडल्यास इको करून घ्यावा.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ पासून सुरू आहे. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. भरतीचे बूट घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब पुष्कळ काही सांगून जातो.