दुधावर साय का येते, आणि कधी कमी का येते?

मैत्रिणींनो, बैठकीत हप्त्यांचं बोलून झालं की एक विषय हमखास निघतो. "तिच्याकडचं दूध घेते, पण साय धरत नाही. पाणी घालत असणार!" रतीब घालणाऱ्या ताईच्या हे जिव्हारी लागतं. गिऱ्हाईक तुटतं, कधी गटातली मैत्रीही तुटते. म्हणून साय येते कशी, ते नीट समजून घेऊ.

गाईच्या दुधात साधारण 87 टक्के पाणीच असतं. बाकी फॅट, प्रथिनं, साखर आणि क्षार. फॅट बारीक बारीक थेंबांत असतं. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून दूध स्थिर ठेवलं की हळूहळू वर येतं.

दूध तापवलं की वरच्या थरातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि तिथं प्रथिनं दाट होतात. साधारण 70 अंशांच्या पुढे काही प्रथिनांची घडी उलगडते आणि ती एकमेकांना चिकटतात. अंड्यातला पांढरा बलक शिजल्यावर घट्ट होतो, तसंच हे. या प्रथिनांचं जाळं तयार होतं आणि वर आलेलं फॅट त्यात अडकतं. हीच साय. दूध उतू जातं तेही यामुळंच. वाफ सायीखाली कोंडते आणि दुधाला घेऊन वर येते.

आता साय कमी का येते ते पाहू.

- म्हशीच्या दुधात फॅट 6 ते 7 टक्के, तर आपल्याकडच्या एचएफ गाईच्या दुधात साडेतीनच्या आसपास. त्यामुळं गाईच्या दुधाची साय पातळच.
- पिशवीच्या बऱ्याच दुधात यंत्रानं फॅटचे थेंब फोडून अगदी बारीक केलेले असतात. ते वर येत नाहीत.
- दूध सारखं ढवळलं, घट्ट झाकलं किंवा अरुंद भांड्यात तापवलं, तरी साय कमी धरते.
- धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट कमी, शेवटच्या धारांत जास्त असतं. शेवटचं दूध वासराला गेलं, तर आपल्या वाट्याला पातळ दूध येतं.

पाणी घातल्यानंही साय कमी होते, हे खरंच. पण नुसत्या सायीवरून कुणाला दोष देता येत नाही. शंका असेल तर संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ तपासून घ्या.

तिथं एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फॅट वर येतं, म्हणून कॅनमधलं दूध न ढवळता तळातून नमुना घेतला तर फॅट कमी लागतं आणि भाव कमी मिळतो. तेव्हा "भाऊ, आधी दूध ढवळा, मग नमुना घ्या," असं सांगायला लाजू नका. पावती घ्या, त्यावरचा फॅटचा आकडा वाचा आणि वहीत लिहून ठेवा.

तुपासाठी जाड साय हवी असेल, तर रुंद पातेल्यात मंद आचेवर दूध तापवा. उकळी आली की आच बारीक करून पाच-सात मिनिटं ठेवा. मग न हलवता, वर जाळी ठेवून थंड होऊ द्या. पूर्ण गार झाल्यावरच साय काढा. फ्रिज नसेल तर साय फार दिवस साठवू नका, लगेच विरजण लावा.