आधी भिंग, मग मलम

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोरजीत पावसाळा लागला की कपडे धड वाळत नाहीत. ओलसर कपडे अंगावर चढतात आणि जांघेत, काखेत, कमरेला गजकर्ण उठते. माणूस फार्मसीत जातो, ‘खाजेला काहीतरी द्या’ म्हणतो आणि ट्यूब घेऊन घरी येतो. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते. खाज लगेच थांबते, गजकर्णाची बुरशी मात्र पसरत राहते. डागाची ठळक गोल कडा पुसट होते आणि पुढे डॉक्टरांनाही तो पटकन ओळखता येत नाही. मलम लावण्याआधी डाग नीट पाहिला गेला, तर हा फेरा टळतो. त्यासाठी मुठीत मावणारे एक साधन आहे: डर्मोस्कोप.

सुमारे दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि त्याभोवती एलईडी दिवे, एवढीच त्याची रचना. नुसत्या भिंगाने काम भागत नाही, कारण त्वचेच्या वरच्या थरावरून उजेड परततो आणि चकाकीत खालचे काही दिसत नाही. म्हणून त्वचा आणि काच यांच्यामध्ये तेलाचा किंवा जेलचा थेंब सोडतात, नाहीतर ध्रुवित प्रकाश वापरतात. चकाकी गेली की रंगद्रव्याची जाळी, रक्तवाहिन्या, केसांची तोंडे उघडी पडतात. पाश्चात्त्य देशांत हे तंत्र वाढले ते मुख्यतः मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग लवकर पकडण्यासाठी. आपल्याकडे तो विरळा. इथे त्याचा खरा उपयोग रोजच्या आजारांत आहे.

खरजेचेच पाहा. रात्री खाज वाढते आणि घरातले सगळेच खाजवू लागतात. बोटांच्या बेचक्यात डर्मोस्कोप टेकवला की बारीक, पांढुरकी, नागमोडी रेघ दिसते आणि तिच्या टोकाला गडद त्रिकोण. रेघ म्हणजे खरजेच्या किडीने कोरलेले बीळ, त्रिकोण म्हणजे तिचा डोक्याकडचा भाग. अख्खी कीड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. सावळ्या त्वचेत तो त्रिकोण हरवतो, म्हणून आधी रेघ शोधायची. निदान पक्के झाले की घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचे. एकालाही वगळले तर खरूज परत येते.

तळपायाच्या गाठीचेही तसेच. चामखिळीत त्वचेच्या रेषा तुटतात आणि गोठलेल्या रक्तवाहिन्यांचे लाल-काळे ठिपके दिसतात. कुरुपात ठिपके नसतात. मध्यभागी काचेसारखा गाभा असतो. पहिली विषाणूमुळे होते आणि पसरते, दुसरे दाबामुळे होते. मुलाच्या डोक्यावरचे केस गेले तर चाईत मुळाशी बारीक आणि वर जाड असे उद्गारचिन्हासारखे केस दिसतात. बुरशीत ते स्वल्पविरामासारखे वाकलेले असतात. त्या बुरशीला वरचे मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या द्याव्या लागतात.

परदेशी पुस्तके गोऱ्या त्वचेवर बेतलेली. आपल्या त्वचेत लाली लपते आणि तपकिरी, करड्या छटा पुढे येतात. म्हणून बागलकोटचे डॉ. बालचंद्र अंकद यांच्यासारख्या भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी सावळ्या त्वचेवर दिसणाऱ्या खुणांचा अभ्यास केला, ही मोठी जमेची बाजू. स्टेरॉइड चोपडून पातळ झालेल्या चेहऱ्यावरच्या फुगलेल्या रक्तवाहिन्याही हे भिंग दाखवते. 2018 साली केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइड मलमांच्या विनाचिठ्ठी विक्रीला मनाई केली. तरी सवय सुटत नाही.

भिंग सगळे सांगत नाही. फिकट चट्ट्यावर कुष्ठरोगाची शंका आली तर तिथली संवेदना तपासावीच लागते. बुरशीसाठी खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि तरीही उलगडा झाला नाही तर बायोप्सी करावी लागते.

डर्मोस्कोप मोबाइलला जोडता येतो. पेडण्यात काढलेला फोटो बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातले तज्ज्ञ पाहू शकतात. म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात एक डर्मोस्कोप आणि तो वापरायला शिकलेला एक डॉक्टर असायला हवा. वाचकांनी आपल्याकडून एवढे करावे: डाग उठला की मलम न लावता आधी दाखवावा, आणि लावले असेलच तर ती ट्यूब डॉक्टरांकडे सोबत न्यावी.