टाइमझोनच्या बगपासून जात्यापर्यंत

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ बरेचसे काढलेत, सगळे काही निघाले नाहीत.

झालं काय, की ऑफिसात एक बग आला. ज्या नोंदींना तारीखच नव्हती, तिथे कुणीतरी 1 जानेवारी 1900 अशी डिफॉल्ट तारीख टाकून ठेवलेली. त्या सगळ्या नोंदींची वेळ जवळपास 9 मिनिटांनी चुकत होती. तास नाही, अर्धा तास नाही, 9 मिनिटं! कारण शोधलं तर कळलं की टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये ‘एशिया/कोलकाता’ निवडलं, तरी 1906 च्या आधीच्या तारखांना साडेपाच तास धरत नाहीत. तिथे मद्रासची वेळ आहे: 5 तास 21 मिनिटं 10 सेकंद. उरलेली 8 मिनिटं 50 सेकंद म्हणजे माझा बग.

बग अर्ध्या तासात मिटला. मी मात्र रात्री दोनपर्यंत विकिपीडियावर. मद्रासच्या वेळेवरून मुंबईच्या वेळेवर गेलो. मुंबईचं घड्याळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, म्हणजे आपल्या आजच्या वेळेच्या 39 मिनिटं मागे. 1906 ला सगळ्या देशाची एक वेळ ठरली, पण मुंबईने आपली वेळ 1955 पर्यंत सोडली नाही! 1906 च्या जानेवारीत गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध निषेधही केला होता. तिथून कापड गिरण्या, ‘गिरणी’ या शब्दावरून पिठाची गिरणी, आणि पिठाच्या गिरणीवरून जातं. हा प्रवास तुम्हालाही ओळखीचा असेल. टॅब तीसेक उघडे, पाणी प्यायला उठायचं राहून गेलेलं.

जात्यापाशी मी अडलो. दगड कसला, खुंटा कुठे, कुठल्या संस्कृतीत कधी सापडलं, हे सगळं वाचायला मिळालं. पण माझ्या डोक्यात जातं म्हटलं की आधी आवाज येतो. आजी पहाटे दळायला बसायची आणि ओव्या म्हणायची. तिच्या शेवटच्या वर्षात मी फोनवर चार मिनिटांचं रेकॉर्डिंग केलंय. तेव्हा जातं नव्हतंच, तिने नुसता हात फिरवत म्हटलं होतं. मी वाचलेल्या पानांवर त्यातलं काहीच नव्हतं. म्हटलं, चला, आपणच लिहू. ‘संपादन’ वर क्लिक केलं, दोन वाक्यं लिहिली आणि संदर्भाच्या जागी थांबलो. काय लिहिणार? ‘माझी आजी’? सेव्ह न करताच टॅब बंद केला.

इथे नियम समजून घ्यायला हवा. विकिपीडियावर तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे याला किंमत नाही. दुसऱ्या कुणीतरी, विश्वासार्ह ठिकाणी, आधी छापलेलं असलं पाहिजे. मला हा नियम पटतो, खरंच. तो नसता तर पानापानावर व्हॉट्सअॅप फॉरवर्ड असते. पण त्याचा परिणाम असा, की जगात ज्यांच्याबद्दल छापलं जातं तेच कोशात येतात. ज्यांच्याबद्दल कुणी छापलं नाही ते कोशासाठी घडलेलेच नसतात.

याचं गाजलेलं उदाहरण डोना स्ट्रिकलंड यांचं. लेसरवरच्या 1985 च्या कामासाठी त्यांना 2018 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या दिवसापर्यंत इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पान नव्हतं. ज्यांच्यासोबत ते काम केलं त्या जेरार मूरू यांचं होतं. बरं, कुणी प्रयत्नच केला नव्हता असंही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात एक मसुदा आला होता, तो पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून परत गेला. परत पाठवणाऱ्याने नियमच पाळला होता. खोट आधीच पडलेली होती: वर्तमानपत्रांनी, मासिकांनी त्यांच्यावर फारसं लिहिलंच नव्हतं.

उलटंही होतं. 2008 मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी नावाच्या प्राण्याच्या पानावर गंमत म्हणून ‘याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात’ असं घुसवलं. मग वर्तमानपत्रांनी ते विकिपीडियावरून उचललं, आणि नंतर तीच वर्तमानपत्रं त्या वाक्याला संदर्भ म्हणून लागली! आमच्या भाषेत सर्क्युलर डिपेंडन्सी. फरक इतकाच, की इथे कंपायलर ओरडत नाही. म्हणजे खोटं नाव छापून आलं म्हणून खरं ठरलं, आणि आजीच्या ओव्या छापल्या नाहीत म्हणून...

पण थांबा, त्या छापल्या गेल्या आहेत. तिच्या नाही, तिच्यासारख्या बायकांच्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’ने, त्या 2017 पासून ऑनलाइन प्रसिद्ध केल्या: मजकूर, भाषांतर, काहींचे आवाजसुद्धा. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, हे सगळं नोंदवलेलं आहे. हे सापडलं तेव्हा सकाळचे चार वाजले होते आणि मी खुर्चीत ताठ बसलो.

याचा संदर्भ देता येतो. कुणीतरी गावोगावी जाऊन, ऐकून, लिहून काढलं, तेव्हा कुठे माझ्यासारख्याला घरबसल्या एक वाक्य जोडता येतं.

तुम्हीही असे भटकत असाल तर एक करा. लेखाच्या वर ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ असे दोन टॅब असतात, ते उघडा. कुणी काय काढलं, कशावर भांडण झालं, सगळं तिथे दिसतं. मला कोड वाचताना गिट लॉग बघायची सवय आहे, इथेही तीच कामी येते. शिवाय एकच विषय इंग्रजीत आणि मराठीत वाचून पाहा. ती भाषांतरं असतीलच असं नाही, बरेचदा वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले वेगवेगळे लेख असतात.

मी ती दोन वाक्यं परत लिहिली, यावेळी संदर्भासकट, आणि सेव्ह केली. आजीचं रेकॉर्डिंग अजून फोनमध्येच आहे. तिच्या एका ओवीतला एक शब्द मला लागत नाही, आईलाही लागत नाही. पुढच्या रविवारी गावी जातोय, तिथे थोरल्या आत्याला ऐकवणार आहे.