छोटी शहरे, डिजिटल कारभार

शहर कोणते? महाराष्ट्रात ‘अ’ वर्ग नगरपरिषद : लोकसंख्या १ लाखाहून जास्त, ‘ब’ : ४० हजारांहून जास्त, १ लाखापर्यंत, त्याखालील ‘क’.

योजना : स्मार्ट सिटी अभियान (२०१५-२५) १०० निवडक शहरांपुरते होते. राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियान (२०२१) मात्र सर्वच शहरांसाठी. त्यातील ‘उपयोग’ मंचावर मालमत्ता कर, पाणीपट्टी, परवाने, तक्रारी एकत्र.

पैसा : पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान (२०२१-२६). दहा लाखांखालील लोकसंख्येच्या शहरांना ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठीच. ४० टक्के अबंधित. त्यातूनही पगार, आस्थापना खर्च भागवता येत नाही. अट : लेखे ऑनलाइन जाहीर करणे.

वेळखाऊ काम : कर आकारणी नोंदवही संगणकावर चढवणे. घर क्रमांक, मालकाचे नाव, क्षेत्रफळ जागेवर पडताळावे लागते.