भाषानाम, वंश आणि हृद्रोगाचे जनुकशास्त्र

आनुवंशिक हृद्रोगाच्या संशोधनात भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, दक्षिण आशियाई नमुन्यांस तेथे जी नावे दिली जातात ती बहुतांशी भाषांचीच असतात. २०१५ साली पूर्ण झालेल्या ‘सहस्र जनुकसंच’ प्रकल्पात २६ लोकसमूहांतील २,५०४ व्यक्ती होत्या. त्यांत दक्षिण आशियाचे समूह पाच : गुजराती, पंजाबी, बंगाली, तमिळ व तेलुगू. पैकी गुजराती ह्यूस्टनचे. श्रीलंकेचे तमिळ आणि तेलुगू ब्रिटनमधले. मराठी समूह त्यांत नाही.

ही उणीव केवळ मानाची नव्हे. हृत्स्नायूतील एक प्रथिन घडविणाऱ्या ‘मायबीपीसी-३’ या जनुकातून २५ क्षारकजोड्या गळालेल्या असण्याचा भेद उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, आणि हृत्स्नायूच्या विकाराशी त्याचा संबंध आहे, असे २००९ साली हैदराबादचे के. थंगराज व त्यांचे सहकारी यांनी दाखविले. युरोपीयांत हा भेद जवळजवळ नाहीच. केवळ त्यांच्याच नमुन्यांवर विसंबले असते तर तो हाती लागला नसता. उलटपक्षी, युरोपीय नमुन्यांवरून बसविलेले रोगसंभवाचे गुणांक आपल्याकडे कमी अचूक ठरतात.

भारतीय जनुकभेद संघाने (२००८) ५५ समूह निवडताना भाषाकुल, प्रदेश आणि जात-जमात असे तिहेरी गमक वापरले. हे अधिक विचारपूर्वक झाले, यात शंका नाही. तथापि यांतील पहिले गमक सिंदी (रेल्वे) ज्या वर्धा जिल्ह्यात आहे तेथे डळमळू लागते. येथील कोलामांची द्राविडी बोली एमेनो यांनी १९५५ च्या आपल्या ग्रंथात वर्णिली आहे. गोंडांपैकी अनेक कुटुंबे मात्र गोंडी सोडून मराठी बोलतात. ‘मातृभाषा : मराठी’ एवढीच नोंद झाली की असे कुटुंब आर्यभाषी ठरते. भाषा दोन-तीन पिढ्यांत पालटते. सोयरिकीची मर्यादा सहसा इतक्या लवकर पालटत नाही, आणि जनुकांचा इतिहास मुख्यतः सोयरिकीने घडतो. (गावाच्या नावातील ‘रेल्वे’ने ते सिंदी (मेघे) नव्हे एवढेच कळते, तेथे कोण राहतो हे नव्हे; भाषानामाचेही तसेच.)

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची सुमारे १०,००० व्यक्तींची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली झाली. यापुढील नमुनासंग्रहात प्रत्येकास मातृभाषेबरोबरच चारही आजी-आजोबांची भाषा, त्यांचे गाव आणि सोयरिकीचा समाज विचारावा. आणि संमतिपत्र वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्यास वाचून दाखविता येईल अशा मराठीत असावे.