थेट नगराध्यक्ष, पण बहुमत कुणाचे?



२०२५-२६ च्या हंगामात टोळ्या फडात असतानाच नगरपालिकांच्या निवडणुका आल्या. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले, काही ठिकाणी २० ला. मोजणी मात्र सगळीकडे २१ ला. तोवर फडावर उताऱ्यापेक्षा निकालाचीच चर्चा जास्त!

मतदाराने प्रभागाचे नगरसेवक वेगळे निवडले आणि नगराध्यक्ष थेट वेगळा. ही थेट पद्धत १९७४ मध्ये होती, २००१ ला पुन्हा आली, मध्यंतरी गेली, २०१६ ला आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. सरी इतक्यांदा मोडली तर फुटवा धरेल का?

२०१६ मध्ये बऱ्याच गावांत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे असे झाले. आता अंदाजपत्रक मंजूर करायचे सभागृहाने, उपाध्यक्ष निवडायचा नगरसेवकांनी. मग पाण्याची टाकी असो की बाजारकट्टा, विषय सभेत अडकून बसतो. आपल्या कारखान्यात तुम्ही संचालक निवडता आणि संचालक अध्यक्ष निवडतात. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालेल्या २९ महानगरपालिकांतही महापौर नगरसेवकच निवडतात. तिथे हा पेच नाही, पण फोडाफोडीला वाव राहतो. म्हणून माझे मत थेट निवडीकडेच झुकते. फक्त नियम एकदाचा ठरवा बुवा.

तालुक्याच्या बाजारात भाजी नेणाऱ्या आपल्या खेड्यातल्या सभासदाला तिथे मत नाही. जागेची फी मात्र तो दर आठवड्याला भरतो.

— ऊस विकास अधिकारी